जुमेराची बाग आणि तीनदा आलेला ऊद

आधी एक कबूल करा, हसायचं झालं तर माझ्या तोंडावर हसायचं. पाठीमागे हसणारे भरपूर झालेत, आणि त्यातले निम्मे माझ्याच घरातले आहेत. चहा घ्या, गार होतोय. सांगतो.

गोष्ट पासष्ट-सहासष्ट सालची. तेव्हाची दुबई आजच्या पोरांना सांगितली तर त्यांना वाटतं म्हातारा थापा मारतोय. एक खाडी, खाडीच्या अलीकडे देरा, पलीकडे बर दुबई, आणि उरलेली सगळी वाळू. मी देऱ्याला एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून होतो. येऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही दाभोळकडचे कोकणी मुसलमान. आमच्या गावात घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर आखातात, त्यामुळे मी इथे आलो याचं कुणाला काही वाटलं नव्हतं.

पण मला वाटत होतं ना! दिवस पेढीत जायचा, संध्याकाळी खोली खायला उठायची. बायको जैनब आणि दोन मुलं गावाला, आणि मी इथे पाच जणांच्या खोलीत दुसऱ्याच्या हातची डाळ खातोय. शेवटी एक वेगळी खोली बघितली आणि जैनबला पत्र लिहायला बसलो. आता पत्रात खरं लिहून कोण बायकोला बोलावतो? मी लिहिलं की इथे मुलांना फिरायला जागाच जागा आहेत. बाग आहे. प्राणी आहेत. पाण्याचा हौद आहे, त्यात पोरं पोहतात. हात एकदा सैल सुटला की आवरत नाही.

जैनब आली. सलीम आठ वर्षांचा, नूर पाच वर्षांची. ट्रंक ठेवायच्या आधी तिनं परतीची तिकिटं दाखवली आणि अट सांगितली. महिनाभर बघते म्हणाली. मुलांना मोकळं फिरता येईल, चार गोष्टी बघता येतील असं काही असेल तर इथेच राहीन, नाहीतर पुढच्या बोटीनं परत. पोरांना वाळूत कोंडून ठेवायला मी आणलेलं नाही.

माझ्या हातात किती दिवस? सुट्टी फक्त शुक्रवारची. म्हणजे तीन शुक्रवार, आणि चौथ्याच्या आधी, बुधवारी, बोट.

पहिल्या शुक्रवारी मी त्यांना अब्र्यातून खाडीपार नेलं. अब्रा म्हणजे इथली माणसं नेणारी होडी. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, बसा, मजा बघा. सलीमनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि विचारलं, "अब्बा, अशी होडी तर आपल्याकडे पण आहे ना?" मग मासळीबाजार दाखवला. तिथे जैनबनं सुरमईचे कल्ले उघडून बघितले आणि सुरमई परत पाटीत ठेवली. मला तेव्हा कळलं की मी खाडीकाठच्या माणसांना खाडी दाखवतोय. होड्या, मासे, जाळी, तारवं, जे जे दुबईत होतं ते ते त्यांच्या परसदारी होतं.

दुसऱ्या शुक्रवारी अक्कल चालवली. जे गावाला नाही ते दाखवायचं ठरवलं. खाडीवरचा नवा पूल दाखवला. पुलावरून पंधरा मिनिटांत तीन गाड्या गेल्या, त्यातली एक परत आली. मग विमानतळाच्या कुंपणाजवळ विमान बघायला बसलो. विमान काही आलं नाही. दोन तास आम्ही चौघं वाळूत बसून आभाळ बघत होतो. नूर झोपली. जैनबनं मला इतकंच विचारलं की ती हौद असलेली बाग कुठल्या बाजूला आली.

मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी.

म्हटलं खरं, पण बाग आणू कुठून? आठवडाभर मला घास गोड लागेना. शेवटी पेढीच्या ड्रायव्हरला विचारलं. बशीर त्याचं नाव, बलुची होता, सगळ्या वाटा पाठ. तो म्हणाला, बाग ना, जुमेराला आहे एक. खजुराची झाडं, विहीर, मोठा हौद, बकऱ्या, हरीणसुद्धा. शुक्रवारी दुपारी दार उघडंच असतं, जो जाईल त्याला कॉफी मिळते.

मी बशीरचा हात हातात घेऊन दाबला. दार उघडं, जो जाईल त्याला कॉफी. याहून सार्वजनिक बाग ती काय असते, तुम्हीच सांगा! तो आणखी काहीतरी सांगत होता, पण मी ऐकायला थांबलो नाही. माझं हे जुनं दुखणं आहे. मला हवं तेवढं ऐकू आलं की माझे कान बंद होतात.

शुक्रवारी नमाज झाल्यावर निघालो. जैनब डबा करायला बसली होती. मी म्हटलं, कशाला? बागेत सगळं मिळतं. जुमेरा तेव्हा कोळ्यांची वस्ती होती, झावळ्यांच्या झोपड्या आणि समुद्र. भाड्याची लँडरोव्हर वाळूतून उसळत गेली आणि एका लांबलचक मातीच्या भिंतीपाशी थांबली. भिंतीत लाकडी दार, दार सताड उघडं, आत हिरवंगार. जैनबनं माझ्याकडे बघितलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्या नजरेत कौतुक होतं. मी छाती पुढे काढली.

आत शिरलो तर विहिरीपाशी एक म्हातारा उकिडवा बसून रहाटाचा दोर सांधत होता. कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, हात चिखलानं भरलेले. मी ओळखलं, राखणदार. सलाम झाला. मी हिंदीत विचारलं, तिकीट किती? त्यानं दोर खाली ठेवला. मग अगदी मुंबईच्या हिंदीत म्हणाला, "टिकट? बैठो सेठ, आराम से बैठो." मोत्यांच्या धंद्यात तो वीस वर्षं मुंबईला येऊन-जाऊन होता म्हणे. मी मनात म्हटलं, बिचारा, मोत्यांचा धंदा बसला आणि राखणदारी करायची वेळ आली.

एक मुलगी आली आणि जैनबला बायकांच्या बाजूला घेऊन गेली. बघा, बायकांची सोयसुद्धा वेगळी. मुलांनी तर हौदात उड्याच घेतल्या. हौद झाडांना पाणी सोडायचा होता, पण होता कमरेएवढा. बाहेर येऊन सलीम हरणाच्या मागे धावला. नूरला एक पांढरं करडू सापडलं, एका कानावर काळा ठिपका असलेलं. तिनं फ्रॉकच्या खिशातलं बिस्किट त्याला दिलं आणि मग ते करडू तिला सोडेना. मी हे सगळं बघत होतो आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. राहणार आता ही माणसं माझ्याजवळ, असं वाटलं.

आनंदात माणूस उदार होतो. म्हाताऱ्यानं मुलांना खजूर आणून दिले तसे मी त्याच्या चिखलाच्या हातात आठ आणे ठेवले. तेव्हा तिथे रुपये-आणेच चालायचे. त्यानं नाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या अदबीनं ते खिशात टाकलं.

मग झावळ्यांच्या मांडवाखाली गालिच्यावर आम्ही बसलो. आणखी दोन अरब बसले होते. कॉफी आली. तिथला रिवाज मला ठाऊक होता, पुरे झालं की पेला हातात हलवायचा. मी तो असा काही झोकात हलवला की ते दोघं बघत राहिले. दोन वर्षं इथे राहिलेला माणूस मी, मला कोण काय शिकवणार?

उलट मीच म्हाताऱ्याला शिकवायला घेतलं. म्हटलं, जागा चांगली आहे, पण व्यवस्था कच्ची. बाहेर बोर्ड नाही, लोकांना कळणार कसं? मुलांना एक झोका हवा. बकऱ्या मोकळ्या फिरतात, त्यांना बांधा. आणि कपडे जरा नीट घालत जा, येणाऱ्याजाणाऱ्यावर चांगली छाप पडते. प्रत्येक गोष्टीला म्हातारा मान हलवून "इन्शाल्ला" म्हणत होता. शेजारच्या दोघांपैकी एकाला जोराचा खोकला लागला.

आणि मग आला ऊद.

आता तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर माझी चूक तुमच्या लक्षात यायची नाही. आमच्याकडे गुरुवारी गेलेल्या माणसांच्या नावानं फातिहा असते. निखाऱ्यावर ऊद टाकतात, धूर होतो, दुवा होते, आणि दुवा झाली की ताटं येतात. लहानपणापासून मी हेच बघितलं. ऊदाचा वास आला की आमच्या घरात पोरं हात धुवायला पळतात. माझ्या नाकाचा आणि पोटाचा असा सरळ संबंध आहे.

नोकरानं धुपाटणं फिरवलं. त्या दोन अरबांनी दाढीला धूर घेतला, उठले, सलाम केला आणि चालते झाले. मला त्यांची कीव आली. आता ऐन जेवणाच्या वेळी उठून जाणं म्हणजे कर्म फुटकं! मी बाह्या वर सारल्या आणि मांडी ठोकून बसलो.

पाच-दहा मिनिटं गेली. सलीम बायकांच्या बाजूनं धावत आला. म्हणाला, अम्मी म्हणते, चला, निघू या. मी म्हटलं, सांग तिला, जेवण येतंय, घाई करू नकोस. तो गेला.

ऊद दुसऱ्यांदा आला. या वेळी नोकर माझ्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला. मी पोटभर धूर घेतला आणि आणखी टेकून बसलो. म्हाताऱ्यानं सूर्याकडे बघितलं. मीही बघितलं. छान मावळतीला लागला होता. सलीम परत आला. अम्मी म्हणते, आत्ताच्या आत्ता उठा. मी म्हटलं, तुझ्या अम्मीला एवढी भूक लागली असेल तर खजूर खा म्हणावं.

तिसऱ्यांदा ऊद आला तो गुलाबपाण्यासकट. नोकरानं माझ्या हातांवर इतकं गुलाबपाणी शिंपडलं की मनगटावरून खाली ओघळलं. मी खूश. हातसुद्धा धुवून दिले! म्हातारा अजून काही बोलत नव्हता. मला वाटलं, जेवणाला उशीर होतोय म्हणून शरमला असेल बिचारा. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणालो, "चाचा, खाने की जल्दी नहीं. आराम से होने दो. हम बैठे हैं."

म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा सूर्याकडे बघितलं. मग कंदुऱ्याची खोच सोडली आणि नोकराला अरबीत काहीतरी सांगितलं. नोकर गेला तो दोर आणि सुरी घेऊन आला, आणि सरळ त्या काळ्या ठिपक्याच्या करडाकडे चालू लागला.

नूरनं जो भोंगा काढला तो समुद्रावरच्या कोळ्यांनी ऐकला असेल. तिनं करडाच्या गळ्यात मिठी मारली. नोकर तिला सोडवेना, ती करडाला सोडेना. मी उठून म्हाताऱ्याला सांगायला लागलो की अहो, बागेतले प्राणी कापता काय, हे सरकारी असतील! तेवढ्यात बायकांच्या बाजूचा पडदा सरकला आणि जैनब बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरत ती तरातरा माझ्यापाशी आली आणि दातांतल्या दातांत म्हणाली:

"सलीमचे अब्बा, हे घर आहे."

"कुणाचं?"

"यांचं." तिनं म्हाताऱ्याकडे मान केली. "बाग यांची, हौद यांचा, हरीण यांचं. आणि आज यांच्या भावाच्या मुलीचं लग्न आहे. आत बायका दोन तास नटूनथटून बसल्यात, तुम्ही कधी उठता याची वाट बघत. इथे ऊद आला की पाहुण्यानं उठायचं असतं. तीनदा आणला त्यांनी."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. आठ आणे दिलेला राखणदार! मी ज्याला कपडे नीट घालायला सांगितले, बोर्ड लावायला सांगितला, तो धनी होता. बू खालिद त्याचं नाव, खाडीत त्याची सहा तारवं होती, हे मला पुढे कळलं. त्याच्या बायकोनं तरुणपणी चार वर्षं मुंबईत काढली होती. तिनंच जैनबला सगळं सांगितलं, आणि तेही जैनबनं तीनदा खोदून विचारल्यावर. कारण दारात आलेल्याला तीन दिवस कोण, कुठला, कशाला आलास म्हणून विचारायचं नाही, असा त्या लोकांचा दंडक. बू खालिदनं तो पाळला. पुतणीचं लग्न खोळंबलं तरी पाळला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, मला ते त्या दिवशी शब्दशः वाटलं. मी हात जोडले. हिंदी, उर्दू, जी सापडेल त्या भाषेत माफी मागायला लागलो. बू खालिदनं मला थांबवलं. खिशातून ते आठ आणे काढून तळहातावर ठेवले आणि म्हणाला की साठ वर्षं मी लोकांना बक्षीस देत आलो, मला कुणी पहिल्यांदाच दिलं, हे मी परत करणार नाही. मग तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. नोकर हसला. पडद्याआड बांगड्या वाजल्या. नूर तेवढी अजून रडत होती.

आता मी निघायला बघतोय, तर तो सोडेना. तुम्ही जेवायला बसला होतात, उपाशी कसं पाठवू? जेवण लग्नात आहे, यल्ला, चला. करडाचा जीव वाचला आणि आम्ही चौघं त्याच्या घरच्यांबरोबर दोन लँडरोव्हरमधून, न बोलावलेले, एका अनोळखी मुलीच्या लग्नाला गेलो.

आणि लग्न काय लग्न होतं! पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर हातात काठ्या घेऊन डोलत होत्या, ढोल वाजत होते. सलीमला कुणीतरी उंटावर बसवलं, तो उतरायलाच तयार होईना. नूर बायकांत या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती, हातभर मेंदी. जैनबला तर त्या बायकांनी मध्ये बसवून घेतलं होतं.

माझं मात्र निराळंच चाललं होतं. बू खालिद मला प्रत्येक पाहुण्यापुढे नेऊन उभं करत होता आणि अरबीत काहीतरी सांगत होता. मला फार कळत नव्हतं, पण गोष्टीत ऊद कुठे येतोय ते बरोबर कळत होतं, कारण तिथे सगळे माझ्याकडे वळून बघायचे. मग त्यांना खेळच सापडला. जेवताना दर थोड्या वेळानं कुणीतरी धुपाटणं घेऊन माझ्या नाकापुढे आणायचा. आणलं की मी दचकून उठायचो. मी उठलो की शंभर माणसं हसायची आणि हात धरून मला परत बसवायची. भाताचा घास तोंडात, आणि मी उठतोय, बसतोय. सातव्यांदा तर नवरदेवानं स्वतः येऊन मला उठवलं.

घरी येताना जैनब राहण्या-जाण्याचं काही बोलली नाही. शनिवारी बोलली नाही, रविवारी नाही, सोमवारीही नाही. बुधवारी बोट होती. विचारायची माझी हिंमत होईना. पत्रात थापा मारल्या, मग भर लग्नात हसं करून घेतलं, आता कुठल्या तोंडानं राहा म्हणू? मुलं गेली की ही खोली पुन्हा खायला उठणार, हे मला दिसत होतं. पेढीत हिशेब लिहितानासुद्धा दिसत होतं.

मंगळवारी संध्याकाळी तिनं पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली. ती कपडे एकेक करून काढत होती. मला वाटलं, नीट घड्या घालून परत भरायला काढतेय. मग सगळ्यात तळाशी हात घालून तिनं लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला भाकरीचा तवा काढला. गावाहून आणला होता आणि महिनाभर बाहेर काढला नव्हता.

"राहतेस?" मी विचारलं.

ती तवा पुसत म्हणाली, "राहते."

मला जरा बळ आलं. म्हटलं, बघ, मी म्हणत होतो ना, बाग आवडेल तुला.

"बाग चांगली आहे. पण ती दुसऱ्याची आहे." तिनं तवा स्टोव्हवर ठेवला. "मी म्हणत होते, पोरांना बघायला इथे काही नाही. माझंच चुकलं."

"म्हणजे?"

"तुम्ही आहात की."